हिरड्यांतून रक्त येतंय? फौजी आणि भरतीची तयारी करणाऱ्यांनी याकडे दुर्लक्ष का करू नये?

सेनगाव असो की हिंगोली, सैन्यभरतीची तयारी म्हटली की आधी आठवतं ते पहाटेचं धावणं. छाती, उंची, वजन सगळं मोजलं जातं. पण तोंड उघडून दात कोण बघतं? सैन्य बघतं!

भरतीत दातांचेही गुण

सैन्याच्या वैद्यकीय तपासणीत दातांना गुण असतात. पूर्ण 32 दात चांगले असतील तर 22 गुण धरले जातात. पात्र ठरायला किमान 14 लागतात. पायोरिया, म्हणजे हिरड्यांचा आजार जास्त असेल, तर उमेदवार अपात्र ठरू शकतो.

सैन्याला दातांची एवढी काळजी का? पहिल्या महायुद्धात खंदकांत राहणाऱ्या सैनिकांच्या हिरड्या इतक्या सडायच्या की त्या आजाराला ‘ट्रेंच माउथ’ असंच नाव पडलं. भारतात 1941 पासून सैन्याचा स्वतंत्र दंत विभाग आहे.

हृदयाशी काय संबंध?

दातांवर साचलेल्या थरात जिवाणू वाढतात, हिरड्या सुजतात. अशा हिरड्यांतून जिवाणू रक्तात शिरू शकतात. सूज जुनी झाली की तिचा परिणाम रक्तवाहिन्यांवरही होऊ शकतो. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचणाऱ्या चरबीच्या थरातही तोंडातले जिवाणू सापडले आहेत.

म्हणजे खराब दातांमुळे हार्ट अटॅक येतो?

असं थेट म्हणता येत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2012 मध्ये सगळे अभ्यास तपासले. हिरड्यांचा आजार आणि हृदयविकार यांचा संबंध दिसतो, पण एकामुळे दुसरा होतो हे सिद्ध झालेलं नाही, असा निष्कर्ष निघाला. दोन्हींची काही कारणं एकच आहेत : तंबाखू आणि मधुमेह.

एक धोका मात्र थेट आहे. ज्यांच्या हृदयाची झडप कृत्रिम आहे किंवा खराब झाली आहे, त्यांच्या झडपेला तोंडातल्या जिवाणूंमुळे संसर्ग होऊ शकतो. त्यांनी दात काढण्याआधी डॉक्टरांना हे सांगायलाच हवं.

खरा शत्रू खिशातल्या पुडीत

2016-17 च्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात. खर्रा, गुटखा, मळलेली तंबाखू, मिश्री हे सगळं त्यातच आलं. जागं राहायला, थकवा घालवायला म्हणून लागलेली ही सवय हिरड्या आणि हृदय दोघांनाही भोवते. सिगारेट ओढणाऱ्यांची तर आणखी फसगत होते : त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे आजार लपून राहतो.

मग करायचं काय?

• दिवसातून दोनदा मऊ ब्रशने दात घासा. मिश्री बंद.
• रक्त, सूज, दुर्गंधी किंवा हलणारे दात दिसले, तर दंतवैद्याकडे जा. ‘दात साफ केल्याने दात सैल होतात’ हा गैरसमज आहे.
• माजी सैनिकांनो, ‘ईसीएचएस’ योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये दातांचेही उपचार मिळतात. जाल तेव्हा बीपी आणि शुगरही तपासून घ्या.
• धावताना किंवा चढताना जबडा दुखतो आणि थांबलं की राहतो? हे दुखणं दाताचं नसून हृदयाचं असू शकतं. लगेच डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखत असेल, घाम येत असेल, तर 108 ला फोन करा.

दात घासल्याने हृदयविकार टळेल अशी हमी कुणी देत नाही. पण हिरड्या वाचतील, भरतीतले गुण वाचतील आणि तंबाखू सुटली तर हृदयालाही नक्कीच फायदा होईल. भरतीची तयारी करणाऱ्या तुमच्या मित्राला हे जरूर पाठवा.