कोर्लईच्या पायथ्याची भाषा

रेवदंड्याची खाडी ओलांडून मुरुडच्या वाटेला लागले की कोर्लई येते. पर्यटक किल्ला आणि दीपगृह पाहून परततात. पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत घराघरांतून चाललेले बोलणे मात्र त्यांच्या कानांवरून निघून जाते. पोर्तुगीज आणि मराठीच्या सहवासातून घडलेली ही भाषा. घरचे लोक तिला ‘नॉ लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. ‘क्रिस्ती’ हेही नाव चालते. बोलणारे जेमतेम हजारभर.

पोर्तुगीजांनी 1521 मध्ये चौलला कोट बांधायला घेतला, 1594 मध्ये समोरचा कोर्लईचा डोंगर निजामशाहीकडून जिंकला. 1740 मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज निघून गेले, गरीब बाटलेली कुटुंबे मागे राहिली. त्यांची भाषा त्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षे टिकली, ती राजाश्रयाविना. आसपासच्या हिंदूंपासून धर्माने तोडले, इतर ख्रिस्त्यांपासून जातीने. सोयरिकी वस्तीतच जुळल्या. भाषा एकटेपणाने राखली, हे कौतुकाने सांगताना त्या एकटेपणातला जातिभेद झाकू नये.

शब्द बहुतांश पोर्तुगीज, पण वाक्य ऐका. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्माच्या आधी येते. इथे ते मराठीसारखे शेवटी सरकले आहे. मालकी सांगायला नावामागून ‘सु’ लागतो, आपल्या ‘चा’च्या जागी. मराठीतून घेतलेल्या क्रियापदांना तर ‘उ’कारान्त असा स्वतंत्र गणच मिळाला. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी 1996 च्या ग्रंथात ही घडण उलगडली आहे. म्हणूनच तिला पोर्तुगीज राजवटीचा अवशेष म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ती मराठीचीही लेक आहे.

तिच्या बहिणी एकेकाळी वसई-मुंबईकडेही होत्या. मूळ गोव्याचे विद्वान सेबास्तियाँव रोदोल्फो दालगादो यांनी 1906 मध्ये या उत्तरेकडच्या बोलीवर लिहिले. पुढे तिथे मराठी आणि इंग्रजीने जागा घेतली. दमण-दीवला अजून काही घरे बोलतात. कोचीतले विल्यम रोझारिओ 2010 मध्ये वारले आणि तिथली बोली मातृभाषा म्हणून बोलणारे कुणी उरले नाही.

कोर्लईला आता पूल आहे, मुंबईची नोकरी आहे, मराठी शाळा आहे. हे सारे या लोकांच्या हक्काचे. पण त्याच शाळेत कर्ता, कर्म, क्रियापद शिकवताना गुरुजींनी एखादे वाक्य मुलांच्या घरच्या भाषेतलेही फळ्यावर लिहावे. क्रम तोच निघेल, आणि वर्गातल्या इतर मुलांनाही तो दिसेल.