प्रदर्शनातलं मॉडेल नेमकं कुणाचं?

विज्ञान-प्रदर्शनाची नोटीस शाळेतून आली की पाचवी ते आठवीतल्या मुलांच्या घरोघरी एकच चित्र दिसतं. जेवणं उरकलेली, मूल पेंगुळलेलं, आणि आई रात्री अकरा वाजता पुठ्ठा कापत बसलेली! वडील वायरी जोडताहेत. तेवढाही वेळ नसेल तर ज्वालामुखी, पवनचक्की, सूर्यमाला, सारं काही स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतं.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. माझे विषय भाषेचे, पण प्रदर्शनाच्या दिवशी देखरेखीला आम्ही असतोच. देखण्या मॉडेलजवळ उभं असलेलं मूल पाठ केलेली चार वाक्यं घडाघडा म्हणतं. परीक्षकांनी “असं का होतं?” विचारलं की गप्प! शेजारच्या टेबलावर दुसरं मूल असतं. घरी मदतीला कुणी नाही, पैसेही बेताचे. त्याचं वेडंवाकडं यंत्र त्यानं स्वतः केलेलं असतं. पण शेजारचा थाट पाहून ते आधीच खट्टू झालेलं. नुकसान दोघांचंही होतं.

तेव्हा मैत्रिणींनो, मदत जरूर करू या. पण हात मुलांचे चालू द्यावेत. आपण सामान द्यायचं, जवळ बसायचं आणि प्रश्न विचारायचे. यासाठी सायन्सची पदवी लागत नाही. मी स्वतः बी.ए. आहे!

मॉडेल करायचंच असेल तर

मॉडेल म्हणजे खऱ्या वस्तूची नक्कल. म्हणून मुलाला विचारावं, “हे खऱ्यासारखं कुठे आहे आणि कुठे नाही?”

ज्वालामुखीत आपण खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर घालतो. पण खरा ज्वालामुखी काही सोड्यानं फसफसत नाही. जमिनीखालचा वितळलेला खडक आणि त्यातले वायू यांच्या दाबानं तो फुटतो. फुफ्फुसाच्या मॉडेलमध्ये बाटलीचा तळ कापून तिथे फुग्याचं रबर ताणून बसवतात. ते खाली ओढलं की आतला फुगा फुगतो. आपल्या छातीखालचा पडदा असाच खाली जातो, हे साम्य. पण श्वास घेताना आपल्या बरगड्याही हलतात, बाटली मात्र ताठच राहते.

सूर्यमालेचं तर विचारूच नका. पृथ्वी म्हणून दोन मिलिमीटरचा मोहरीचा दाणा घेतला, तर सूर्य फुटबॉलएवढा होतो आणि दोघांमधलं अंतर होतं २३-२४ मीटर! फुटबॉल आपल्या दारात आणि मोहरी पार पुढच्या घरांपाशी. एवढं मोजून रस्त्यावर उभं राहिलं की मुलांना जे समजतं, ते रंगवलेल्या गोळ्यांतून समजत नाही.

घरातलं सामान, घरातले प्रयोग

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे आपण रोज पाहतो. हळदीला चुन्याचं पाणी लावलं तरी तेच. हळदीपासून कुंकू करतात ते याच गुणामुळे. हळदीचं पाणी कागदावर पसरून वाळवा, पट्ट्या कापा. साबणाच्या पाण्यात पट्टी लालसर होईल, तिच्यावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. तांबड्या जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवल्या तर ते पाणी लिंबानं गडद गुलाबी आणि सोड्यानं हिरवट होतं. मग घरातल्या दहा वस्तू तपासून मुलानं तक्ता करावा. ताक कुठे बसतं? चिंचेचं पाणी? आधी अंदाज लिहायचा, मगच पट्टी बुडवायची.

पानाला लावायचा चुना चमचाभर घेऊन ग्लासभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा. सकाळी वरची निवळी अलगद काढा. तिच्यात स्ट्रॉनं फुंकर मारली की निवळी दुधासारखी होते. आपल्या उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची ही खूण. मात्र फुंकायचंच, ओढायचं नाही.

मेणबत्ती काय सांगते?

ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, तिच्यावर पालथी बरणी. ज्योत विझते आणि पाणी वर चढतं. “प्राणवायू संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली” असं उत्तर हमखास मिळतं. तेव्हा सांगावं, “बरं, आता तीन मेणबत्त्या लाव.” बरणी तीच, आतला प्राणवायूही तेवढाच, पण पाणी जास्त चढतं! म्हणजे ते उत्तर पुरत नाही. नीट पाहिलं तर बरणी ठेवताना काठाखालून बुडबुडे निघताना दिसतात. ज्योतीनं तापलेली हवा पसरून बाहेर जाते, ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि पाणी आत येतं. हे मुख्य कारण. पाठ केलेलं उत्तर मुलानं स्वतः तपासलं, याहून मोठं बक्षीस कोणतं?

हे खेड्यातही जमलं

१९७२ साली मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. सहावी ते आठवीची मुलं गटानं प्रयोग करत आणि परीक्षेला पुस्तक जवळ ठेवायची मुभा असे. तो उपक्रम पुढे शेकडो शाळांत पोचला. २००२ मध्ये सरकारनं तो बंद केला. अरविंद गुप्ता १९७८ मध्ये पुण्याच्या नोकरीतून रजा घेऊन काही काळ तिकडे गेले. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी जोडून त्यांनी आकार बनवले. नंतर पुण्याच्या आयुकात त्यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी घडवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या काड्यांचा चौकोन करून दाबला तर लुळा पडतो, त्रिकोण मात्र ताठ राहतो. पुलांच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, ते तिथेच कळतं.

आणखी एक. घरात मुलगा-मुलगी दोघं असतील तर “तू तक्ता रंगव” मुलीला आणि वायर-स्क्रू मुलाला, अशी वाटणी करू नका, बरं का!

एवढी काळजी घ्या

विजेच्या प्रयोगाला टॉर्चचे सेल वापरावेत. भिंतीतल्या प्लगला हात नाही. ज्योतीजवळ केस बांधलेले, ओढणी दूर आणि मोठं माणूस जवळ हवं. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये, विषारी वायू निघतो.

शेवटी एक साधी वही. डावीकडे अंदाज, उजवीकडे घडलेलं, खाली “असं का?”. प्रदर्शनात मॉडेलशेजारी ही वही उघडून ठेवायला सांगा. खाडाखोड असली तरी असू द्या. त्यावरूनच काम कुणी केलं ते परीक्षकांना कळेल.