शेकोटीवरची कोंबडी आणि उष्णतेचा धडा

शिबिरात सळईवर कोंबडी भाजायची म्हटली की मुलं ती थेट ज्वाळेवर धरतात. मग बाहेरून करपते, आत कच्चीच! आधी लाकडं जळून लाल निखारे होऊ द्या. निखाऱ्यांची उष्णता प्रारणाने मांसापर्यंत पोहोचते, पण मांसात ती वहनाने, अगदी सावकाश शिरते. म्हणून आच मंद हवी आणि सळई सतत फिरती. फिरवल्याने सुटलेला रसही मांसावरच पसरतो.

पालकहो, नुसत्या रंगावर जाऊ नका. सर्वात जाड भागात तापमान ७४ अंश सेल्सिअस झालं, की साल्मोनेलासारखे जिवाणू मरतात. सळईऐवजी कण्हेरीची काठी कधीच नको, ती विषारी असते. शेवटी निखाऱ्यांवर पाणी ओतून ते पूर्ण विझवा. हेही मुलांकडूनच, पण आपल्या देखरेखीखाली करून घ्या.