एक मुक्काम, तीन वाटा: अंजनेरीच्या पठारावर पायी सुट्टी

मी अंबडहून बोलतोय. इथं शिफ्ट संपली की एकच चर्चा: सुट्टीला कुठं जायचं? प्लॅनही ठरलेला. पहाटे बाइक काढायची, एखादा गड गाठायचा, रील टाकायची आणि रात्री घरी. आज मी दुसरी पद्धत सांगतो. एकाच गावात दोन-तीन रात्री राहायचं आणि रोज तिथूनच वेगळ्या दिशेला चालायचं.

इंग्लंडमध्ये ही पद्धत जुनी आहे. डार्टमूरच्या उघड्या माळरानावर लोक दिवसभर चालतात आणि संध्याकाळी छोट्या गेस्टहाउसमध्ये परततात. आपल्याकडे असा माळ कुठं? अहो, त्र्यंबक रोडला! अंजनेरीचं पठार. नाशिकहून साधारण २० किलोमीटर. त्र्यंबकेश्वरच्या बसनं अंजनेरी फाट्यावर उतरायचं.

मुक्काम अंजनेरीत किंवा त्र्यंबकला, घरगुती सोय बघून. फोनवर तीनच गोष्टी विचारा: गरम पाणी, ओले कपडे वाळवायला जागा आणि जेवणाची वेळ. पावसात भिजून आल्यावर नागलीची भाकरी, पिठलं आणि ठेचा समोर आला, की फाइव्ह स्टार विसराल. शिवाय आपले पैसे गावातच राहतात.

पहिला दिवस अंजनेरीचा. पायऱ्या, वाटेतली जैन लेणी, मग पठार, अंजनीमातेचं मंदिर आणि तळं. उंची सुमारे १,२८० मीटर. दुसरा दिवस ब्रह्मगिरीचा, म्हणजे गोदावरीच्या उगमाचा. तिसऱ्या दिवशी पाय दुखणारच! तेव्हा गावातली पडकी प्राचीन मंदिरं आणि जवळचं नाण्यांचं संग्रहालय बघा.

आता मुद्द्याचं. घाई नसली की पठार दिसायला लागतं. खाली काळा बेसॉल्ट आणि वर जेमतेम काही बोटं माती. पावसात ती चिंब, उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत. अशा पठारांवर सीतेची आसवं नावाची जांभळी फुलं येतात. दिसायला नाजूक, पण ही वनस्पती चक्क मांसाहारी आहे! मातीत पोषण कमी, म्हणून ती जमिनीतल्या बारीक पिशव्यांमध्ये सूक्ष्म जीव पकडते.

अंजनेरीची खरी श्रीमंती म्हणजे सेरोपेजिया अंजनेरिका, एक कंदीलपुष्प. शास्त्राच्या जगात तिची नोंद २००६ साली झाली. नावातच आपली अंजनेरी आहे. कंद जमिनीखाली राहतो आणि पावसाळ्यात त्यातून रोप वर येतं. म्हणजे फूल दिसत नसलं, तरी आपल्या बुटाखाली कंद असू शकतो. मळलेली वाट सोडून दहा जण सेल्फीला गेले, की पातळ माती दाबली जाते, वाहून जाते. खडकावर ती पुन्हा साठायला किती वर्षं लागतील, विचार करा.

कड्यांवर गिधाडं घरटी करतात. म्हणून स्पीकर नको, ड्रोन नको. हे संरक्षित राखीव क्षेत्र आहे, त्यामुळे गेटवर नोंद करा आणि वनविभागाच्या वेळा पाळा. प्लास्टिक बॅगेतून परत आणा.

आणि धुकं! पठारावर दहा पावलांपुढचं दिसेनासं होतं, कडा कुठं आहे कळत नाही. म्हणून गावातला वाटाड्या सोबत घ्या, नकाशा ऑफलाइन डाउनलोड करा आणि दुपारी उतरायला लागा. विजा चमकत असतील, तर त्या दिवशी वर जाऊच नका. इथंच मुक्कामाचा फायदा कळतो. एका दिवसात परतायचं असलं, की माणूस धोका पत्करतो. मुक्काम असला, की म्हणतो, 'असू दे, उद्या जाऊ.'

तर मंडळी, पुढच्या जोडसुट्टीला गड मोजू नका, रात्री मोजा. कुठं राहिलात, काय दिसलं, ते मला व्हॉइस नोट करून कळवा. भेटू पुढच्या भागात!