पोथ्यांचीं छायाचित्रें नोंदपत्रांत आडवीं कां दिसतात?

एका मित्राच्या संग्रहांतील पोथ्यांची सूची संगणकावर करण्याचें काम चालू असतां प्रस्तुत लेखकास एक विलक्षण अडचण आढळली. पोथीच्या पत्राचें छायाचित्र फोनवर सरळ दिसे. तेंच सूचीच्या डेटाबेसमधील नोंदपत्रांत घातलें कीं आडवें पडे. मदतनिसानें प्रत्येक चित्र फिरवून त्याच नांवानें पुन्हां जतन केलें. कांहीं चित्रें सरळ झालीं, कांहीं दुसऱ्या संगणकावर पुन्हां आडवीं झालीं. आणि उसनी आणलेल्या एका पोथीच्या पुष्पिकेंतील अक्षरें कमी गुणवत्तेनें वारंवार जतन केल्यामुळें इतकीं पुसट झालीं कीं, ‘प’ कीं ‘ष’ याचा निर्णय करवेना. मूळ चित्र राहिलें नव्हतें, व पोथी मालकाकडे परत गेली होती. हा प्रसंग इतर संग्राहकांवरहि येण्याजोगा असल्यानें त्याचें कारण व उपाय येथें देण्याचें योजिलें आहे.

फोन उभा धरा अथवा आडवा धरा, कॅमेऱ्यांतील सेन्सर चित्राच्या ओळी नेहमीं एकाच क्रमानें लिहितो. फोन कसा धरला होता हें गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून ताडून त्याची खूण म्हणून एक अंक फाइलींत निराळा टिपला जातो. ही टिपण्याची पद्धति ‘एक्झिफ’ या नांवानें प्रसिद्ध असून ती जपानांतील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेनें १९९५ सालीं प्रसृत केली. दिशेचा अंक मात्र त्यापूर्वींच, १९९२ च्या ‘टिफ’ या चित्रपद्धतींत होता. हा अंक १ ते ८ पर्यंत असतो. १ म्हणजे चित्र आहे तसेंच दाखवावें; ३ म्हणजे अर्धा फेरा द्यावा; ६ म्हणजे घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें पाव फेरा; ८ म्हणजे त्याच्या उलट पाव फेरा. २, ४, ५ व ७ हे अंक आरशांतल्याप्रमाणें उलटलेल्या चित्रांचे होत.

जो प्रोग्राम हा अंक वाचतो तो चित्र सरळ दाखवितो. जो वाचत नाहीं तो ओळी जशा लिहिल्या तशाच मांडतो. क्रोम व फायरफॉक्स हे ब्राउझर २०२० पासून ही खूण आपण होऊन पाळतात. परंतु ॲक्सेससारख्या डेटाबेसच्या नोंदपत्रांत ती दुर्लक्षिली जाण्याचा अनुभव वारंवार येतो. म्हणजे चित्र बिघडलेलें नसतें. खूण वाचली गेलेली नसते.

पोथ्यांच्या अभ्यासकांस हा प्रकार अपरिचित नाहीं. लेखक गळलेला शब्द समासांत लिहून ओळींत काकपदाची खूण करतो. पुढील नकलकारानें खुणेकडे लक्ष दिलें नाहीं तर शब्द गळतो. उलट, त्यानें शब्द ओळींत घेतला आणि समासांतील टीपहि जशीच्या तशी उतरली, तर तिसरा नकलकार तोच शब्द दुसऱ्यांदा घालतो. मदतनिसाच्या हातून हाच दुसरा प्रमाद झाला: चित्र फिरविलें, पण ६ हा अंक तसाच राहिला, म्हणून खूण वाचणाऱ्या प्रोग्रामनें तें पुन्हां फिरविलें.

पोथ्यांच्या बाबतींत आणखी एक अडचण आहे. पत्र मेजावर ठेवून वरून छायाचित्र घेतांना फोन जमिनीशीं समांतर असतो. गुरुत्वाकर्षणाची दिशा पडद्याला लंब झाल्यानें कोणती बाजू वरची हें फोनला कळत नाहीं, व बहुधा आधींचाच अंक टिपला जातो. यास्तव एकाच पोथीचीं लागोपाठचीं पत्रें भिन्न दिशांनीं पडलेलीं दिसतात. अशा वेळीं खुणेवर विसंबून न राहतां डोळ्यांनीं पाहणें अवश्य आहे.

उपाय पुढीलप्रमाणें करावा. प्रथम मूळ चित्रें निराळ्या ठिकाणीं ठेवावीं व त्यांवर कधींहि पुन्हां जतन करूं नये. नंतर तेंच चित्र खूण वाचणाऱ्या प्रोग्राममध्यें पाहावें. तेथें सरळ व नोंदपत्रांत आडवें असेल, तर खूण बरोबर आहे. दोन्हीं ठिकाणीं आडवें असेल, तर खूणच चुकली आहे, असें समजावें. चुकलेली खूण प्रतीवर ‘एक्झिफटूल’ या साधनानें बदलतां येते. त्यांत चित्राच्या बिंदूंस धक्का लागत नाहीं. मग ‘इमेजमॅजिक’मधील आपोआप दिशा लावण्याची सोय वापरून प्रत सरळ करावी, तीत बिंदूहि फिरतात व अंकहि १ होतो. हीच प्रत नोंदपत्रास जोडावी.

बिंदूंची हानि मुळींच नको असल्यास ‘जेपेगट्रॅन’ हें साधन जेपेग चित्राचे चौकोनी खंड न उकलतां फिरवितें. हे खंड पुष्कळदां १६ बिंदूंचे असतात. ४०३२ व ३०२४ या दोन्हीं संख्यांस १६ नें निःशेष भाग जातो, म्हणून त्या मापाचें चित्र पूर्णपणें फिरतें. ३००० ला जात नाहीं, म्हणून ४००० × ३००० च्या चित्रांत कांठाची एक पट्टी नीट फिरत नाहीं. पत्रांक बहुधा समासांतच असल्यानें कांठ तपासून पाहावा.

फिरविणें व उलटविणें यांतील भेदहि ध्यानांत ठेवावा. चुकून उलटविण्याची आज्ञा दिल्यास ३ हा ६ सारखा दिसतो. सबंध ओळ उलटी असली तर ती लगेच खटकते. परंतु समासांतील एकटा पत्रांक फसवितो, आणि पत्रांचा क्रम बिघडतो.

संशोधित पाठ छापतांना मूळ हस्तलिखितावर कोणी खाडाखोड करीत नाहीं. छायाचित्रांसहि तोच नियम लावावा. पत्रें वाळवीच्या भक्ष्यस्थानीं पडतात, मालक बदलतात. अशा वेळीं मूळ छायाचित्र हाच एक साक्षी उरतो. तो आडवा पडला असला तरी चालेल, पुसट होतां कामा नये.