मेदक्षय हवा, मांसक्षय नको : कार्डिओ आणि भारव्यायाम यांचे तारतम्य

हिवरा आश्रम येथे विवेकानंद जयंतीच्या उत्सवात होणारी महापंगत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. जमिनीवर ओळीने बसलेला अफाट जनसमुदाय आणि ट्रॅक्टरमधून वाढण्यासाठी येणारी पुरी व वांग्याची भाजी. काही वर्षांपूर्वी याच पंगतीत आमचे एक रुग्ण शेजारी बसले होते. वय साठीच्या पुढे, व्यवसाय किराणा दुकानाचा. स्थौल्य व मधुमेह यांसाठी त्यांना आम्हीच लंघन, गुग्गुळकल्प आणि दोन्ही वेळ चालणे सांगितले होते. वजन चांगले उतरले होते आणि आम्ही समाधानी होतो. जेवण आटोपले, तेव्हा मात्र त्यांना जमिनीवरून उठता येईना. दोघांनी हात दिला तेव्हा ते उभे राहिले व म्हणाले, "डॉक्टरसाहेब, वजन गेलं, पण त्याच्यासंगं अंगातली रगबी गेली."

त्या दिवशी आमची चूक आमच्या ध्यानी आली. वजनकाटा किती किलो उतरले ते सांगतो. कोणता धातू उतरला ते सांगत नाही. मेद कमी करताना मांसधातूचे रक्षण कसे करावे आणि त्यात कार्डिओ म्हणजे चालणे, धावणे, सायकल इत्यादी दमश्वासाचे व्यायाम, आणि वेट ट्रेनिंग म्हणजे भारव्यायाम, यांचे स्थान काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शास्त्राची भूमिका

चरकाचार्यांनी अष्टौनिन्दितीय अध्यायात स्थूल पुरुषाचे आठ दोष सांगितले आहेत. त्यांत दौर्बल्य हा एक आहे. एवढा मोठा देह असूनही दुर्बलता का, याचे कारण ते धातूंची विषमता असे देतात. अशा व्यक्तीत मेदाचेच पोषण होते, इतर धातूंचे तसे होत नाही. याच अध्यायात पुढे मांसाचे प्रमाण व शरीराची घडण सम असलेल्या पुरुषाची प्रशंसा आहे. म्हणजे स्थौल्यचिकित्सेचे साध्य केवळ कृशता नव्हे, तर समता होय.

वाग्भटाचार्यांनी दिनचर्याध्यायात व्यायामाची फळे मोजताना मेदाचा क्षय आणि अवयवांची विभक्त व घन ठेवण या दोहोंचा एकत्र निर्देश केला आहे. सुश्रुतसंहितेतील चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायातही व्यायामाला स्थौल्य हटविण्याचे सर्वश्रेष्ठ साधन म्हटले आहे आणि त्याच ओघात मांस स्थिर होते असेही सांगितले आहे. मेद जावा आणि मांस राहावे, ही अपेक्षा आधुनिक व्यायामशाळेने आणलेली नवी कल्पना नाही.

प्रश्न एवढाच उरतो की, ही दोन्ही फळे एकाच प्रकारच्या व्यायामाने मिळतात काय? जुन्या आखाड्याचे उत्तर स्पष्ट होते. आपल्याच विभागात अमरावती येथे १९१४ साली स्थापन झालेल्या आणि १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखविणाऱ्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची परंपरा पाहावी. जोर, बैठका, कुस्ती, मल्लखांब यांत दम आणि ताकद या दोहोंची कसोटी असे. आज आपण रुग्णाला "चालत जा" एवढेच सांगतो, तेव्हा या परंपरेचा अर्धा भाग गाळून टाकतो.

दोन व्यायामांची दोन कार्ये

चालण्यासारख्या व्यायामात मोठे स्नायू दीर्घकाळ, पण हलक्या भाराने काम करतात. ऊर्जा जास्त खर्च होते; साधारण ६५ किलो वजनाच्या व्यक्तीस तासभर झपझप चालण्यास सुमारे २५० किलोकॅलरी लागतात. हृदय व श्वसन यांची क्षमता वाढते. मात्र पायांवर रोजच्यापेक्षा अधिक भार पडत नसल्याने मांसवृद्धीची प्रेरणा अल्प असते. भारव्यायामात याच्या उलट घडते. काही सेकंदांच्या जोरकस आकुंचनामुळे स्नायूतंतूंना नवीन प्रथिने बांधण्याचा संदेश मिळतो. लंघनकाळात शरीर मेदासोबत मांसही खर्चू पाहते. हा संदेश त्या खर्चाला आळा घालतो.

येथे एका अतिशयोक्तीपासून सावध राहावे. स्नायू वाढले की बसल्या जागी चरबी जळते, असे सांगितले जाते. वस्तुतः एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला सुमारे १३ किलोकॅलरी खर्च करतो. भारव्यायामाचे मोल बळ, अस्थी आणि शर्करेचा विनियोग यांत आहे.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. आहारावर बंधन न घालता आठ महिने व्यायाम पूर्ण करणाऱ्या ११९ स्थूल व्यक्तींपैकी केवळ कार्डिओ करणाऱ्यांचा मेद सरासरी सुमारे १.७ किलोने घटला. केवळ भारव्यायाम करणाऱ्यांचा मेद जवळजवळ तेवढाच राहिला, पण मेदविरहित देहभार सुमारे १.१ किलोने वाढला. दोन्ही करणाऱ्यांचा मेद सुमारे २.४ किलोने घटला व मेदविरहित भारही वाढला. अर्थात त्यांनी वेळही जवळजवळ दुप्पट दिला होता.

यात आहारनियंत्रण जोडले की चित्र अधिक स्पष्ट होते. २०१७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ६५ वर्षांवरील १६० स्थूल वृद्धांचा २६ आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आहारनियंत्रणासह व्यायाम करणाऱ्या तिन्ही गटांत वजन सारखेच, म्हणजे सुमारे ९ टक्के उतरले. परंतु मेदविरहित भार कार्डिओ गटात ५ टक्के, भारव्यायाम गटात २ टक्के आणि संयुक्त गटात ३ टक्के घटला. शारीरिक कार्यक्षमतेत सर्वाधिक सुधारणा संयुक्त गटात झाली. काट्यावर तिघेही सारखे होते. पंगतीतून उठण्याच्या कसोटीला मात्र सारखे ठरले नसते.

आपल्या रुग्णांचा विशेष

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्यासह स्वतःचेच उदाहरण २००४ साली लॅन्सेटमध्ये मांडले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३ असा समान होता, पण डॉ. युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होता. बाहेरून सडपातळ, आत मेदस्वी आणि मांसाने उणा असा हा देह आपल्या ओपीडीत रोज येतो. हातपाय बारीक, पोट पुढे आणि रक्तशर्करा वाढलेली. अशा रुग्णाला केवळ लंघन व चालणे सांगितल्यास आधीच उणा असलेला मांसधातू आणखी उणा होतो.

बैलजोडीची जागा ट्रॅक्टरने घेतली आणि दुचाकी दारात आली, तेव्हापासून "आम्ही शेतकरी, आम्हाला व्यायाम कशाला?" हे म्हणणेही सर्वांस लागू राहिलेले नाही.

परीक्षण

चिकित्सेपूर्वी व दर महिन्याला वजनासोबत पुढील नोंदी ठेवाव्यात.
१) कमरेचा घेर : पुरुषांत ९० सें.मी. व स्त्रियांत ८० सें.मी. यापुढे मेदसंचय समजावा.
२) पोटरीचा सर्वांत मोठा घेर : २०१९ च्या आशियाई निकषांनुसार पुरुषांत ३४ व स्त्रियांत ३३ सें.मी.पेक्षा कमी असल्यास मांसक्षयाची शंका घ्यावी.
३) हात छातीवर बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठबस : १२ सेकंद वा अधिक लागल्यास कार्यक्षमता कमी समजावी.
कंबर उतरली आणि पोटरी व उठबस कायम राहिली, तर चिकित्सा योग्य मार्गाने चालली आहे. तिन्ही उतरत असतील, तर लंघनाची मात्रा तत्काळ कमी करावी. स्फिक्, ग्रीवा इत्यादी ठिकाणची शुष्कता ही मांसक्षयलक्षणेही पाहावीत.

व्यायामाची मात्रा

औषधाप्रमाणे व्यायामही मात्रेने लिहून द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम कार्डिओ आणि किमान दोन दिवस स्नायुबळाचा व्यायाम सांगितला आहे. आपल्या रुग्णांसाठी पुढील योजना सुकर आहे.

भारव्यायाम आठवड्यातून दोन ते तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती देऊन करावा. खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याची पाच लिटरची कॅन कमरेतून वाकून पोटाकडे ओढणे, तीच कॅन डोक्यावर उचलणे आणि टाचा उचलणे, हे पाच प्रकार पुरेसे होतात. प्रत्येकाच्या ८ ते १२ आवृत्ती, प्रारंभी एक व पुढे दोन-तीन फेऱ्या. शेवटच्या दोन आवृत्ती कष्टाने व्हाव्यात. सहज होऊ लागल्या की भार वाढवावा. भिंतीवरचे जोर पुढे टेबलावर, त्यानंतर जमिनीवर आणावेत. उरलेल्या दिवशी ३० ते ४० मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा गतीने चालावे. वेळ एकच असेल तर भारव्यायाम आधी व चालणे नंतर ठेवावे.

अर्धशक्तीची मर्यादा येथेही पाळावी. कपाळ, नाक, काख, सांधे यांवर घाम येणे, मुखशोष होणे व तोंडाने श्वास सुरू होणे ही खूण रुग्णास शिकवावी. आपल्याकडील उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वी व कमी मात्रेत व्यायाम करावा.

वाग्भटाचार्यांनी वृद्धांस व्यायाम निषिद्ध मानला आहे, असा आक्षेप येईल. आमच्या मते तो निषेध मल्लांच्या कष्टप्रद व्यायामासंबंधी घ्यावा. खुर्चीवरून दहा वेळा उठणे ही वृद्धाच्या दैनंदिन जीवनाचीच तयारी आहे. तथापि अनियंत्रित रक्तदाब, नुकताच झालेला हृद्रोग, हर्निया व मधुमेहजन्य नेत्रपटलविकार यांत तज्ज्ञांचा सल्ला घेतल्याशिवाय भार देऊ नये. भार उचलताना श्वास कोंडू नये. शर्करा उतरविणाऱ्या गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम टाळावा. वमन-विरेचनानंतर संसर्जनक्रम पूर्ण होईपर्यंत भारव्यायाम थांबवावा.

आहार

बांधकामास साहित्य नसेल तर गवंडी काय करणार? चरकाचार्यांनी स्थूलासाठी सांगितलेल्या धान्यांत यव, श्यामाक यांच्यासोबत मूग, कुळीथ व तूर ही द्विदल धान्ये आहेत. अपतर्पण करताना भात, साखर, तळलेले पदार्थ कमी करावेत. वरण-उसळ व ताक कमी करू नये. वजन उतरवीत असलेल्या रुग्णास, मूत्रपिंडविकार नसल्यास, दर किलो देहभारास १ ते १.२ ग्रॅम प्रथिने मिळावीत. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन मुबलक पिकते. ते नीट शिजवून व अग्निबल पाहून द्यावे.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

"वजन उतरवायचे काही द्या" ही मागणी प्रथम आपल्याकडेच येते. मेदोहर कल्प देताना कमरेचा घेर मोजण्याची पट्टी व व्यायामाचे एक पत्रक काउंटरवर ठेवावे. 'वनौषधी' म्हणून विकल्या जाणाऱ्या परदेशी स्लिमिंग उत्पादनांत सिब्युट्रामिन या द्रव्याची भेसळ वारंवार आढळली आहे. हृदयास घातक ठरल्याने भारतात त्यावर २०११ साली बंदी आली. परवाना क्रमांक व घटकद्रव्ये स्पष्ट नसलेला माल ठेवू नये. २०२५ साली टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने भारतात उपलब्ध झाली. या वर्गातील औषधांनी उतरलेल्या वजनात चौथा हिस्सा ते दोन पंचमांश मेदविरहित भार असू शकतो. त्यामुळे अशा रुग्णांस भारव्यायाम व प्रथिने यांचा सल्ला अधिकच अगत्याचा आहे.

सारांश

मेद उतरविण्याचे मुख्य काम आहार व कार्डिओ करतात, मांस राखण्याचे काम भारव्यायाम व प्रथिने करतात. तरुण स्थूलास दोन्ही समप्रमाणात द्यावेत. वृद्ध, मधुमेही व सडपातळ-मेदस्वी रुग्णांत आरंभ भारव्यायामाने करावा. प्रारंभी उल्लेखिलेल्या रुग्णास आम्ही लंघन थांबवून खुर्चीवरील उठबस व मुगाचे वरण सुरू केले. पुढे वजन थोडे वाढले, कंबर वाढली नाही. नंतरच्या एका उत्सवात ते पंगतीत बसले, जेवले आणि कोणाचाही हात न घेता उठले. वैद्यबंधूंनी आपल्या केसपेपरवर वजनाच्या रकान्याशेजारी पोटरी व उठबस यांचे दोन रकाने आखावेत, एवढीच विनंती.