अलक्ष्मीला उंबरठ्याबाहेर घालवताना

आश्विन अमावास्येस लक्ष्मीपूजन झाल्यावर मध्यरात्रीनंतर सूप वाजवीत अलक्ष्मीला घराबाहेर घालवावे, असे धर्मशास्त्रग्रंथांत सांगितले आहे. महाराष्ट्रात त्या दिवशी नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहण्याची प्रथा आहे. तत्पूर्वी आठ-पंधरा दिवस घरोघरी माळे उतरवले जातात, फडताळे रिकामी होतात आणि वर्षभराची अडगळ दारी येते. ही अडगळ उंबरठ्यापलीकडे गेली की अलक्ष्मी गेली, असे आपण मानतो. परंतु ती जाते कोणाकडे, याचाही विचार सुज्ञ गृहस्थाने व गृहिणीने केला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

रंगाचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या, नळीचे दिवे, मुदत उलटलेली औषधे, फुटलेले तापमापक, वापरलेल्या बॅटऱ्या आणि इंजेक्शनच्या सुया यांची गणना केंद्र शासनाच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी ‘घरगुती घातक कचरा’ अशी केली व तो ओल्या-सुक्या कचऱ्यापासून निराळा ठेवण्यास सांगितले. याचे कारण उघड आहे. पुण्यात २००८ साली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि तिचे सभासद दारोदार कचरा गोळा करू लागले. हा कचरा अखेर माणसाच्याच हाती पडतो. उघडी सुई वा फुटलेली काच त्याच हातांना इजा करते.

समुद्रमंथनात लक्ष्मी आणि धन्वंतरी प्रकट होण्यापूर्वी हलाहल वर आले. भगवान शंकरांनी ते उदरात जाऊ दिले नाही, की जगावर सांडू दिले नाही. कंठातच धारण केले. घरातील विषालाही हाच न्याय लावावा. ते बंदिस्त करावे आणि योग्य हाती सोपवावे.

सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत घालून झाकण घट्ट लावावे. जुनी औषधे मोरीत ओतू नयेत. त्यांचा अंश नदीनाल्यांत पोहोचतो. वेष्टनावर खूण करून ती निराळी द्यावीत. नळीचे दिवे न फोडता मूळ खोक्यात ठेवावेत, कारण त्यांत पाऱ्याचा अंश असतो. पाऱ्याचा तापमापक फुटल्यास मुलांना दूर न्यावे, खिडक्या उघडाव्यात, अंगावरचे सोने उतरवावे; पारा सोन्यास चिकटतो. पूज्य असली तरी केरसुणी येथे वर्ज्य समजावी. तिने पाऱ्याचे बारीक थेंब होऊन ते घरभर पसरतात. जाड कागदाने ते गोळा करून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरावेत. मोबाइलची फुगलेली बॅटरी टोचू वा ठोकू नये. ती पेट घेऊ शकते.

इन्व्हर्टरची जुनी बॅटरी नवी घेतानाच विक्रेत्यास परत करावी. तिच्यातील शिसे वितळवून पुन्हा उपयोगात आणता येते. जुन्या संगणकात आणि फोनमध्ये तांबे असते, सोन्याचाही किंचित अंश असतो. उघड्यावर तारा जाळून तांबे काढणाऱ्याच्या छातीत विषारी धूर जातो. नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रात तीच धातुसंपदा सुरक्षितपणे हाती येते. अशी केंद्रे व संकलनाचे दिवस यांची चौकशी आपल्या नगरपालिकेत वा महापालिकेत दिवाळीपूर्वीच करून ठेवावी.

दुसऱ्याच्या दारी विष टाकून आपले अंगण उजळत नाही. यंदाच्या लक्ष्मीपूजनापूर्वी प्रत्येक घरात एक निराळे खोके ठेवले जावे, आणि कचरा नेणाऱ्या हातांनाही ही दीपावली सुखाची जावो, हीच आमची श्रीलक्ष्मीचरणी प्रार्थना.